फुलांआधी रेघ
(प्रस्तावना)

१८८३ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातून, ऑर्पिंग्टन गावाहून एक पुस्तक निघाले. नाव ‘रेन्स सिटी चर्चेस’, लेखक आर्थर हेगेट मॅकमर्डो, प्रकाशक जॉर्ज ॲलन. विषय सरळ होता: सर ख्रिस्तोफर रेनने लंडनच्या जुन्या शहरात बांधलेली चर्चे एकामागून एक पाडली जात आहेत, ती वाचवा. असे पुस्तक उघडताना पहिल्या पानावर एखादा मनोरा, घुमट, गेला बाजार एखादी कमान तरी असेल असे वाटते. यातले तिथे काहीच नाही. लाकडी ठशावरून काळ्या शाईत छापलेली फुले आहेत. त्यांचे लांब दांडे एका बाजूला झुकतात आणि मध्येच उलटे वळतात. वारा ढकलतो आहे की पाण्याचा प्रवाह, हे सांगता येत नाही. दोन्ही कडांना दोन पक्षी उभे आहेत, चौकटीत मावावेत म्हणून ताणून ताणून अगदी सडपातळ केलेले. दांड्यांमधून एक फीत वळत जाते आणि तिच्यावर पुस्तकाचे नाव आहे. खाली लेखक, प्रकाशक, साल.

निकोलाउस पेव्हस्नर या इतिहासकाराने १९३६ मध्ये आधुनिक वास्तुकलेच्या अग्रदूतांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने या पानाला आर नूव्हो शैलीची पहिली कृती ठरवले. तेव्हापासून कलेतिहासाच्या अनेक पाठ्यपुस्तकांत हे पान हमखास भेटते, बहुधा टपाल तिकिटाएवढ्या आकारात आणि खाली एका ओळीच्या टीपेसह. ही प्रस्तावना त्याच पानाभोवती लिहिली आहे. अलंकारिक छापचित्रे वाचायला शिकायची असतील तर सुरुवातीला एकच चित्र पुरते. मात्र त्याच्यासमोर पुरेसा वेळ बसण्याची तयारी हवी.

आधी पुस्तकाची गोष्ट उरकून घेऊ. १६६६ च्या आगीत लंडनची ८७ पॅरिश चर्चे जळाली. त्यांतली ५१ रेनच्या देखरेखीखाली पुन्हा उभी राहिली. दोनशे वर्षांनी जुन्या शहरातली वस्ती उपनगरांत पांगली, चर्चमध्ये रविवारी माणसे जमेनात आणि खालच्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला. १८६० च्या कायद्याने ओस पडलेले पॅरिश एकमेकांत मिळवण्याची वाट मोकळी केली. १८७० च्या दशकात सेंट मिल्ड्रेड पोल्ट्री, सेंट अँथोलिन, ऑल हॅलोज ब्रेड स्ट्रीट, सेंट डायोनिस बॅकचर्च अशी एकेक इमारत गेली. मॅकमर्डो व्यवसायाने वास्तुविशारद. १८५१ चा जन्म, म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा वय बत्तिशीच्या आसपास. १८७४ मध्ये तो कलासमीक्षक जॉन रस्किनबरोबर इटलीला जाऊन आला होता. १८८२ मध्ये त्याने ‘सेंच्युरी गिल्ड’ नावाची मंडळी जमवली. खुर्ची, पडदा, भिंतीचा कागद, पुस्तक या सगळ्यांना चित्रशिल्पाच्या बरोबरीचा मान मिळावा, हा तिचा आग्रह. यात एक गंमत आहे. प्रकाशक जॉर्ज ॲलन हा रस्किनचा शिष्य आणि त्याच्या पुस्तकांचा प्रकाशक. रस्किनला मात्र रेनेसान्स पद्धतीच्या इमारती मुळीच आवडत नसत. तरीही रेनची तरफदारी करणारे पुस्तक निघाले ते रस्किनच्याच गोटातून.

आता फुलांकडे वळू. नव्या वाचकाची पहिली उडी ठरलेली असते: हे फूल कोणते, आणि त्याचा अर्थ काय? व्हिक्टोरियन काळात फुलांच्या ‘भाषे’चे छोटे कोश घरोघरी होते, कोणते फूल कोणाला दिले म्हणजे काय सांगितले, याची यादीच. ते कोश हाताशी घेऊन त्या काळचे चित्र सोडवावे असा मोह होतो. मॅकमर्डोच्या पानावर तो मोह पहिल्याच पायरीला अडखळतो. कोणी या फुलांना ट्यूलिप म्हणतात आणि पाकळ्यांची ठेवण पाहता ते चुकीचे म्हणवत नाही. पण पाने ट्यूलिपची नव्हेत, आणि दांड्यांची लांबी तर कोणत्याच फुलाला शोभणारी नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे पान परीक्षेत काढले असते तर नापास झाला असता. चित्रकाराने मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागेला आपण नाव चिकटवले की पुढचे पाहणे थांबते. पैठणीच्या पदरावरचा मोर पाहून जाणती बाई त्याचा अर्थ विचारत नाही. पदर उलटा करते आणि मागची वीण पुढच्यासारखीच सफाईदार आहे का ते बघते. छापचित्र वाचणाऱ्याने पहिला धडा तिच्याकडून घ्यावा.

इथे वीण म्हणजे लाकडावर पडलेला चाकू. लाकडी ठशात रेघ काढली जात नाही, ती शिल्लक राहते. कोरणारा रेघेच्या दोन्ही अंगांचे लाकूड काढून टाकतो, मध्ये जो उंचवटा उरतो त्याला शाई लागते आणि तोच कागदावर उतरतो. म्हणजे प्रत्येक काळ्या रेघेमागे किमान दोन काप असतात. दोन्ही काप समांतर गेले तर रेघ सारख्या जाडीची. एका कापाने जरा अंग सोडले की रेघ फुगते, दोन्ही जवळ आले की निमुळती होऊन संपते. आर नूव्होची ओळख म्हणून जी फुगत-निमुळती होत जाणारी, चाबकाच्या फटक्यासारखी वळणारी रेघ सांगितली जाते, ती कागदावर लेखणीने काढता येतेच. पण लाकडात कोरताना हाताला ती आपोआप सापडण्यासारखी आहे. उलट पांढरी रेघ हवी असेल तर काम सोपे: गोल पटाशीचा एकच घाव. ठशाच्या चित्रात काळ्या पानावरच्या पांढऱ्या शिरा इतक्या सहज आणि झपाट्याच्या दिसतात, त्याचे एक कारण हे.

मूळ प्रत भिंगाखाली मिळाली तर आणखी काही दिसते. ठसा कागदावर दाबला जातो तेव्हा शाई काळ्या आकारांच्या कडेला किंचित बाहेर सरकते, त्यामुळे कडेला आतल्यापेक्षा गडद अशी बारीक किनार राहते. मोठ्या काळ्या भागात कधी लाकडाच्या रेषा उमटतात, कधी शाई नीट न बसल्याचे पांढरे ठिपके. चौकटीची रेघ एखाद्या ठिकाणी तुटलेली असली तर ठसा घासला किंवा आपटला असे समजावे. बऱ्याच प्रती निघाल्यावर असे होतेच. यातले काहीच छोट्या पुनर्मुद्रणात राहत नाही. पाठ्यपुस्तकातले पान म्हणूनच गुळगुळीत आणि थंड दिसते.

ठसा म्हटले तरी सगळे ठसे एक नव्हेत, आणि इथे वाचकाने थोडा कंटाळा सोसावा अशी विनंती आहे. फळीच्या लांबीच्या बाजूवर कोरलेला ठसा वेगळा आणि झाडाच्या आडव्या कापावर कोरलेला वेगळा. दुसरा प्रकार अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस ब्युइकने इंग्लंडमध्ये मान्यतेला आणला. बॉक्सवुडच्या घट्ट लाकडावर त्यात केसाएवढ्या बारीक रेघा निघत, आणि एकोणिसाव्या शतकातली सचित्र नियतकालिके त्याच तंत्रावर उभी राहिली. तिसरा प्रकार लाकडाचा नव्हेच: छायाचित्राच्या मदतीने जस्तावर उतरवलेला ठसा. ऑब्री बियर्डस्लीची १८९३-९४ ची ‘ल मॉर्त दार्थर’मधली चित्रे पाहून अनेकांना ती लाकडात कोरलेली वाटतात, तशी दिसावीत असाच त्याचा बेत होता. पण तिथे चाकू नाही. लेखणीची रेघ जशीच्या तशी धातूवर गेली आहे. दिसायला सख्ख्या बहिणी असलेल्या या दोन रेघांचे वागणे वेगळे असते. पहिलीला लाकडाशी झगडावे लागले आहे. दुसरीला कोणीच अडवलेले नाही, म्हणून ती वाटेल तिथे वाटेल तितकी बारीक होऊ शकते. चित्र ‘वुडकट’ आहे असे टीपेत लिहिले म्हणून मान डोलावू नये, ते चित्रात दिसते का हे तपासावे.

मॅकमर्डोच्या पानावर परत येऊ. त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे काळे आणि पांढरे यांची अदलाबदल. एके ठिकाणी काळा आकार म्हणजे पान असते; नजर थोडी वर सरकली की काळे मागे जाते आणि पांढरे पुढे येते. मागची पोकळी आणि पुढची वस्तू अशी वाटणीच पक्की होत नाही. विल्यम मॉरिसची त्याच वर्षीची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही छापील कापडाची नक्षी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. मॉरिसची फुलेही ठशांनीच छापलेली, पक्षीही आहेत, पण तिथे प्रत्येक पान आपल्या जागी आहे, पक्षी समोरासमोर नेमके बसले आहेत, आणि नक्षी कापडभर पुन्हा पुन्हा येणार म्हणून डाव्या-उजव्याचा तोल काटेकोर आहे. मॅकमर्डोला पुनरावृत्ती करायची नव्हती. एका पानापुरते चित्र, चौकट ठरलेली. पक्ष्यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या, तेवढ्यावर सममिती संपली. मधल्या रोपांनी ती मोडली. स्तब्ध कडा आणि मध्ये उसळणारा गाभा, असा हा डाव आहे.

यावरून अर्थाकडे जाता येते, पण सावधपणे. एक वाचन फार आकर्षक आहे: ही पाने नव्हेत, ज्वाळा आहेत, आणि ते पक्षी मोर नव्हेत, राखेतून उठणारे फिनिक्स आहेत. १६६६ ची आग, राखेतून उठलेले लंडन, रेन. सेंट पॉल कॅथीड्रलच्या दक्षिणेकडच्या त्रिकोणी शिखरपट्टीवर शिल्पकार सिबरने कोरलेला फिनिक्स आहे, आणि त्याखाली ‘मी पुन्हा उठेन’ या अर्थाचा लॅटिन शब्द. मॅकमर्डोला ते शिल्प माहीत नसणे अशक्यच. म्हणजे विषयाशी काही संबंध नाही असे वाटणारे पान खरे तर पुस्तकाचा सारांश ठरते. असे वाचन सापडले की अभ्यासकाला जेवण गोड लागते.

माझा मात्र त्यावर पुरता विश्वास बसत नाही. १८८२-८३ च्या सुमारास मॅकमर्डोने एका खुर्चीचे रेखाटन केले. तिची पाठ लाकडात जाळीसारखी कापलेली आहे आणि त्या जाळीत तेच झुकणारे, उलटे वळणारे दांडे आहेत. खुर्चीचा रेनशी किंवा लंडनच्या आगीशी काय संबंध? गिल्डच्या छापील कापडांतही याच जातीची फुले येतात. म्हणजे ही रेघ पुस्तकासाठी जन्मलेली नाही. ती चित्रकाराच्या हातात आधीपासून खेळत होती, पुस्तक आले तेव्हा तीही आली. पक्ष्यांबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. खुर्चीवर पक्षी नाहीत. ते या पानासाठी खास आणले गेले आहेत, तेव्हा फिनिक्सची शक्यता पक्ष्यांपुरती मी मान्य करेन. फुलांना ज्वाळा म्हणायचे असेल तर मात्र खुर्चीलाही आग लागली होती असे म्हणावे लागेल.

अलंकरणाच्या अभ्यासात नेहमी उपयोगी पडणारी ही चाचणी आहे, म्हणून ती इथे सविस्तर केली. एका चित्रात अर्थ सापडला की तोच आकार त्याच हाताने आणखी कुठे काढला आहे ते शोधायचे. तिथेही तो अर्थ टिकला तर ठीक. नाही टिकला तर निदान त्याचे ओझे कमी करायचे.

रेघ आली कुठून, याची उत्तरे पुष्कळ दिली गेली आहेत. रस्किनने शिष्यांना पानाफुलांचे बारकाईने रेखाटन करायला लावले, हे एक. विल्यम ब्लेकची कोरलेली पाने, ज्यांत शब्द आणि वेली एकमेकांत मिसळतात, हे दुसरे. सेंच्युरी गिल्डच्या मंडळींना ब्लेकचे वेड होते आणि त्यांच्या ‘हॉबी हॉर्स’ या नियतकालिकातून ते दिसते. तिसरे उत्तर जपान. आर नूव्होबद्दल काही लिहिले की जपानी छापचित्रांचे नाव घ्यायचेच, अशी आता रीत पडली आहे. पुढच्या पिढीबाबत ते खरेच आहे. पण मॅकमर्डोच्या या पानावर जपानचा ठसा शोधताना मला नेहमी ओढाताण जाणवते. जपानी फुलांच्या चित्रांत, उदाहरणार्थ होकुसाईच्या १८३३-३४ च्या सुमाराच्या मोठ्या फुलांच्या मालिकेत, रिकामी जागा श्वास घेते. आयरिसच्या पानावर एक टोळ बसलेला असतो आणि बाकी पार्श्वभूमी मोकळी. इथे मोकळे काही नाहीच. ब्लेक मला जास्त जवळचा वाटतो.

जपानचा खरा ओघ नंतर आला, आणि तो कसा आला हे कळणे या विषयात महत्त्वाचे आहे. हॅम्बुर्गला जन्मलेला, पॅरिसमध्ये व्यापार करणारा झीगफ्रीड बिंग याने १८८८ ते १८९१ या काळात जपानी कलेवरचे एक मासिक फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांत काढले. १८९५ च्या डिसेंबरात त्याने पॅरिसमध्ये ‘लार नूव्हो’ नावाची पेढी उघडली आणि शैलीला तिचे रूढ नाव मिळाले. म्हणजे मॅकमर्डोने पान काढले तेव्हा त्या पेढीला अजून बारा वर्षे अवकाश होता. त्याला पहिला आर नूव्होकार म्हणणे हे पेव्हस्नरने मागे वळून लावलेले लेबल आहे. सोयीचे आहे, म्हणून या पुस्तकातही वापरले आहे. पण १८८३ मधल्या माणसाच्या डोक्यात ते नव्हते, हे विसरू नये.

हॅम्बुर्गमध्ये युस्टुस ब्रिंकमनने उभारलेल्या कलाकौशल्याच्या संग्रहालयात जपानी छापचित्रांचा मोठा साठा होता. ऑटो एकमान हा त्याच शहराचा चित्रकार. १८९४ मध्ये त्याने आपली तैलचित्रे लिलावात काढून टाकली आणि तो अलंकरणाकडे वळला. त्याचे आयरिसच्या फुलांचे रंगीत वुडकट हे ‘युगेंडश्टील’चे, म्हणजे आर नूव्होच्या जर्मन रूपाचे, प्रातिनिधिक काम मानले जाते. आणि प्रवास उलट्या दिशेनेही झाला. क्योतोचा कामिसाका सेक्का १९०१ मध्ये ग्लासगोच्या प्रदर्शनासाठी गेला, युरोपातली नवी रेघ पाहून आला, आणि १९०९-१० मध्ये त्याचा ‘मोमोयोगुसा’ हा तीन खंडांचा, साठ छापचित्रांचा संग्रह क्योतोच्या उन्सोदो या प्रकाशनसंस्थेने काढला. त्यात जुन्या रिम्पा परंपरेचे सपाट रंग आहेत. युरोपने ज्या जपानकडून घेतले तो जपान आता युरोपला पाहून झालेला होता. कोणी कोणाकडून काय घेतले याचा हिशोब इथे चुकता होत नाही.

सेक्काच्या चित्राकडे जाताना कामाची पद्धतही बदलते हे ध्यानात ठेवावे. जपानात चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक ही चार वेगळी माणसे. पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरायचे, प्रत्येक रंगाला वेगळी फळी, कागद नेमका बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात खूण. पाण्यात कालवलेला रंग, त्यात भाताची खळ, आणि मागून बांबूच्या पानाने मढवलेल्या चकतीने घासणे. यात छापणाऱ्याचा हात किती बोलका असतो ते रंगाच्या विरत गेलेल्या छटांवरून कळते. असे चित्र ‘सेक्काचे’ म्हणताना बाकीच्या तिघांची नावे आपण पुसतो.

मुंबईचा या कथेशी थेट धागा एकच आहे, तो ताणून मोठा करण्यात अर्थ नाही. पण सांगायला हवा. साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत फुलापानांना सपाट, नियमबद्ध नक्षीत बसवण्याचे जे शिक्षण मिळे, ते घेऊन जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये सर ज. जी. कलाशाळेत शिकवायला आला. १८७२ ते १८८५ या काळात त्याने विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. छतांवरची कमळे, वेली, हंस हेही त्यांत होते. १८९६-९७ मध्ये लंडनहून निघालेल्या दोन खंडांत त्यांतल्या अनेक छापल्या गेल्या. लंडनमध्ये मॅकमर्डो दांडे वाकवत होता त्याच वर्षांत मुंबईचे विद्यार्थी अजिंठ्याच्या छताखाली मान वर करून वेली उतरवत होते. १८९४ मध्ये गिरगावात राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना सुरू झाला, त्याची यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. आपल्या घरांतली छापील चित्रे त्या वाटेने आली: गुळगुळीत अंग, छायाप्रकाश, खोली. सपाट काळ्या-पांढऱ्या फुलाकडे पाहताना मराठी डोळा पहिल्यांदा ‘अपुरे आहे’ म्हणतो, त्यामागे ती सवय असावी असे मला वाटते. चार चित्रे सलग पाहिली की ती सुटते.

शेवटी अक्षरांविषयी, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मॅकमर्डोच्या फितीवरची अक्षरे छापखान्याच्या खिळ्यांची नाहीत. फुलांसोबत त्याच हाताने आखलेली आहेत आणि फितीच्या वळणाबरोबर वाकतात. एकमानने पुढे १९०० मध्ये ब्रशच्या फटकाऱ्यांसारखी संपूर्ण वर्णमाला केली. ती त्याच्या नावाने ऑफेनबाखच्या ओतशाळेत ओतली गेली आणि जर्मन पाट्यांवर, पुस्तकांवर वर्षानुवर्षे दिसत राहिली. पानाफुलांची रेघ अक्षरात शिरली की ती वाचली जाते, आणि वाचली गेली की ती नक्षी आहे हे आपण विसरतो. यामुळेच पुढच्या पहिल्या प्रकरणात एकही फूल नाही. त्यात फक्त अक्षरे आहेत, आणि वाचकाने ती न वाचता पाहायची आहेत; जमत नसेल तर पान उलटे धरावे.